कार्टूनमधला ज्वालामुखी खऱ्या भूगर्भशास्त्रावर कसा उभा करायचा

कार्टूनसाठी ज्वालामुखी काढायचा म्हटलं की हातातून एकच चित्र उतरतं, उंच टोकदार डोंगर, वरून कापलेलं तोंड, आणि त्यातून लालभडक पातळ रस चारी बाजूंनी ओघळतोय. दिसायला भारी आहे, पण यात दोन वेगवेगळे ज्वालामुखी एकमेकांना चिकटवलेत, कारण इतका पातळ लाव्हा ओतणारा मोठा डोंगर सहसा टोकदार होतच नाही, तो पसरट होतो. तुम्ही कॉमिक, ॲनिमेशन किंवा गेमसाठी दुनिया रचत असाल तर एकच गोष्ट सगळ्यात आधी ठरवा: लाव्हा किती घट्ट? डोंगराचा आकार, आवाज, गावाला धोका कशाचा, पळायला वेळ किती, हे सगळं त्यातूनच निघतं आणि कथासुद्धा त्यातून सुचते.

उदाहरण म्हणून आपण कासवांचं एक बेट घेऊ. किनाऱ्यावर कासवांचं गाव, मधे ज्वालामुखी.

पायरी १: घट्टपणा ठरवा

लाव्हाचा घट्टपणा मुख्यतः सिलिकावर (वाळूत असतं तेच द्रव्य) आणि तापमानावर अवलंबून असतो. सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर तो बेसॉल्ट, ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो आणि सरळ वाहायला लागतो. सिलिका ७० टक्क्यांच्या वर गेली की तो रायोलाइट, तापमान ७०० ते ८५० अंश, आणि घट्ट इतका की जागचा हलत नाही. गुळाचा पाक पातळ असताना बुडबुडे सहज फुटतात आणि घट्ट झाला की आत अडकून फटफट उडतात, तसंच इथे मॅग्मातल्या, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडातल्या, वाफेचं आणि वायूंचं होतं. पातळ लाव्हातून वायू निघून जातो, कारंजी उडतात, नदी वाहते. घट्ट लाव्हात तो कोंडतो आणि शेवटी डोंगरच फोडतो.

रंगही इथेच ठरवून टाका. ११०० अंशाचा ताजा लाव्हा पिवळट नारिंगी, थंड होत जाईल तसा गडद लाल, पण हवा लागली की वरची साय पटकन काळी पडते. म्हणजे दिवसाच्या सीनमध्ये लाव्हाची नदी बहुतेक काळीच हवी, फक्त भेगांमधून आणि पुढच्या टोकाला नारिंगी चमक. पूर्ण लाल नदी काढण्यापेक्षा हे जास्त भीतीदायक दिसतं, करून बघा.

पायरी २: मग आकार काढा

पातळ लाव्हा घेतला तर हवाईचा मौना लोआ बघा, ४१६९ मीटर उंच आहे पण उतार इतका मंद की लांबून डोंगर वाटतच नाही, नुसतं क्षितिज फुगल्यासारखं दिसतं. टोकदार शंकू हवाच असेल तर फुजी किंवा फिलिपिन्सचा मायोन, राखेचे आणि लाव्हाचे थर एकावर एक चढून झालेले. आणि छोटा शंकू हवा असेल तर मेक्सिकोचं पॅरिक्युटिन आहेच, १९४३ मध्ये एका शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मक्याच्या शेतात भेग पडली, वर्षभरात ३०० मीटरच्या वर डोंगर उभा राहिला आणि १९५२ मध्ये सगळं थांबलं. कार्टूनला याहून चांगला पहिला एपिसोड कुठे मिळणार!

अजून एक प्रकार आहे जो कार्टूनमध्ये फार कमी दिसतो आणि तो आपल्या पायाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा मोठ्या लांब भेगांमधून आला, थरावर थर बसले, सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर तर थंड होताना तडकून झालेले उभे काळे खांब दिसतात, एखाद्या राक्षसाच्या किल्ल्यासाठी डिझाइन तयारच आहे. फक्त लोणारचं विवर बघून ज्वालामुखीचं तोंड काढू नका, ते बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालंय.

पायरी ३: नकाशावर जागा द्या

इथे दोनच सोपे पर्याय घ्या. एक म्हणजे हॉटस्पॉट: खालची गरम जागा तिथेच, वरची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, सरकत राहते, म्हणून बेटांची रांग होते. हवाईत काउआई बेट सुमारे ५० लाख वर्षं जुनं, झिजलेलं, आणि आजचे जिवंत ज्वालामुखी रांगेच्या दुसऱ्या टोकाला. कासवांच्या बेटामागे एका दिशेला अशी जुनी, ठेंगणी होत गेलेली बेटं काढा, दुनिया लगेच खोल वाटायला लागते. दुसरा पर्याय, एक प्लेट दुसरीखाली घुसतेय: तिथे समुद्रात खोल दरी, तिला समांतर कमानीसारखी ज्वालामुखींची रांग, भूकंप, आणि लाव्हा जास्त घट्ट म्हणजे स्फोट मोठे.

पायरी ४: स्फोटाआधीचे प्रसंग लिहा

अचानक धडाम हे सगळ्यात वाया घालवलेलं दृश्य असतं. खरा ज्वालामुखी आधी बरंच काही सांगतो, बारीक भूकंप, सल्फरचा वास, गरम झालेले झरे, जमीन फुगणं. अमेरिकेतला सेंट हेलेन्स मार्च १९८० मध्ये जागा झाला आणि त्याची उत्तरेची बाजू दिवसाला साधारण दीड मीटर फुगत होती. १८ मे ला भूकंप झाला, ती फुगलेली बाजूच घसरली आणि स्फोट आडवा गेला, डोंगर ४०० मीटरनी बुटका झाला. आता कासवांचं गाव विचारात घ्या, सगळे वर तोंडाकडे बघतायत आणि एक म्हातारी कासवीण रोज कुंपणापासून डोंगरापर्यंत दोरी धरून मोजतेय की दोरी दिवसेंदिवस ढिली का पडतेय. हाच सस्पेन्स.

पायरी ५: मारणारं काय ते नीट निवडा

लाव्हा बहुतेक वेळा माणसाच्या चालीहून हळू असतो. काँगोच्या न्यिरागोंगोसारखे अपवाद आहेत, १९७७ मध्ये तिथला अतिशय पातळ लाव्हा ताशी कित्येक किलोमीटर वेगाने धावला. पण खरा घात करतो तो गरम राख आणि वायूचा लोंढा, शेकडो अंश तापमान आणि ताशी १०० किलोमीटरच्या वर वेग. १९०२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरचं सेंट पिएर शहर काही मिनिटांत गेलं, सुमारे २८,००० माणसं, वाचलेल्या मोजक्यांपैकी एक जाड दगडी कोठडीतला कैदी. आणि डोंगरमाथ्यावर बर्फ काढलात तर चिखलाचा पूर विसरू नका, १९८५ मध्ये कोलंबियात स्फोट लहानच होता पण बर्फ वितळून आलेल्या चिखलाने आर्मेरो गाव गाडलं, २०,००० हून जास्त माणसं गेली. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये कोणी मरायला नको असेल तर पातळ लाव्हाचाच ज्वालामुखी घ्या, कासवंसुद्धा सुटतील आणि खोटंही वाटणार नाही.

लाव्हात पडलेलं पात्र हात वर करून हळूहळू बुडतं, ते मात्र काढू नका. लाव्हाची घनता आपल्या शरीराच्या दुपटीहून जास्त असते, वस्तू वरच राहून जळते.

पायरी ६: नियम मोडायचा तर एकच, आणि आधी खऱ्यात शोधा

काळा लाव्हा हवाय? टांझानियाच्या ओल दोइन्यो लेंगाईचा लाव्हा जेमतेम ५०० ते ६०० अंशाचा, दिवसा तेलासारखा काळा दिसतो आणि नंतर पांढरा पडतो. निळ्या ज्वाळा? इंडोनेशियाच्या कावाह इजेनमध्ये सल्फरचे वायू रात्री निळे जळताना दिसतात. तरंगणारा दगड? प्युमिस पाण्यावर तरंगतो, त्याचे तराफ्यासारखे पट्टे समुद्रात वाहत जातात, कासवांना होडी मिळाली. पाणी मारून लाव्हा थांबवणारे हिरो? आइसलँडच्या हेमाए बेटावर १९७३ मध्ये लोकांनी महिनोन्महिने समुद्राचं पाणी फवारून बंदर वाचवलं. एवढं सगळं खऱ्यात असताना तुमचा एक मोडलेला नियम, समजा तुमचा डोंगर बोलतो, लोक आनंदाने मान्य करतील, पण बोलला तरी त्याचा लाव्हा पहिल्या पायरीत ठरवला तसाच वाहायला हवा.

पायरी ७: पुढचा एपिसोड

स्फोट झाला, पुढच्या वेळी बेट परत हिरवंगार, असं करू नका. ज्वालामुखीची राख म्हणजे दगड आणि काचेचा भुगा, भिजली की प्रचंड जड होते. १५ जून १९९१ ला फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला त्याच दिवशी वादळ आलं, ओल्या राखेने घरांची छपरं कोसळली, आणि चिखलाचे पूर पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात येत राहिले. स्फोट फारच मोठा दाखवला असेल तर पूर्ण दुनियेचं हवामान बदला, इंडोनेशियाचा तांबोरा १८१५ मध्ये फुटला आणि १८१६ ला युरोपात उन्हाळाच नीट आला नाही, पिकं गेली. म्हणून पुढचा एपिसोड छपरावर चढून राख खाली ओढणाऱ्या कासवांपासून सुरू करा, पाऊस यायच्या आत.