किडनीचा विकार असताना मटण कसे खावे

आजारी माणसाला ताकद यावी म्हणून मटणाचे अळणी पाणी पाजण्याची रीत सातारा-सांगलीकडे घरोघरी आहे आणि ती मायेपोटी आलेली आहे. परंतु किडनीचा दीर्घकालीन विकार जडलेल्या माणसाच्या बाबतीत हेच पाणी सर्वांत आधी बंद करावे लागते. मटण शिजताना त्यातील पोटॅशियम आणि फॉस्फरस, जे बिघडलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही, काही प्रमाणात पाण्यात उतरते, आणि त्याच पाण्याचा पुढे मीठ, खोबरे, तीळ घालून रस्सा होतो. त्यामुळे अशा रुग्णाने भीती फोडींपेक्षा रश्श्याची बाळगावी.

म्हणून बिनहाडाच्या, चरबी काढलेल्या मटणाच्या लहान फोडी कराव्यात, त्या भरपूर पाण्यात मीठ न घालता उकळून ते पाणी फेकून द्यावे आणि मगच थोड्या तेलावर कांदा, आले, लसूण यांत त्या मऊ शिजेपर्यंत परताव्यात. वरून थोडे लिंबू पिळले की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. घरची कांदा-लसूण चटणी मात्र नावापुरतीच घालावी, कारण ती कुटतानाच तिच्यात मीठ पडलेले असते. दिवसभराचे मीठ सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत राहायला हवे. सैंधव हेही मीठच आहे, आणि 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असल्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

प्रमाणाचा हिशोब वजनावर बसतो. या विकाराचे वाढत्या तीव्रतेनुसार पाच टप्पे मानतात. तो तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यात असून डायलिसिस सुरू नसेल, तर दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. बिनहाडाच्या ६० ग्रॅम कच्च्या मटणात त्यांपैकी साधारण १२ ग्रॅम येतात. भाकरी आणि दूध यांतूनही प्रथिने मिळतच असल्याने त्या दिवशी उसळ, अंडी वगळावीत. डायलिसिसवरील रुग्णाची प्रथिने त्या प्रक्रियेत वाहून जातात, म्हणून त्याची गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते. अशा माणसाचे मटण धाकाने तोडणे हा माझ्या मते मोठा अन्याय आहे. मात्र पाण्यावर बंधन असेल, तर वाटीभर रस्साही त्या पाण्यातच मोजावा. फॉस्फरस बांधणारी, म्हणजे अन्नातील फॉस्फरस रक्तात जाण्यापासून रोखणारी, गोळी दिलेली असल्यास ती जेवणासोबतच घ्यायची असते.

काळीज, गुर्दा, भेजा टाळावेत.  म्हशीचे मांस ज्या घरांत खाल्ले जाते, तिथेही कृती आणि हिशोब हाच ठेवावा.

गावच्या जत्रेला पंगतीत बसावे लागले, तर दोन-तीन फोडी भाकरीबरोबर खाव्यात आणि वाढप्याला रस्सा नको म्हणून आधीच सांगावे. किडनी किती काम करते हे ज्यावरून कळते त्या क्रिएटिनिनची रक्ततपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी असेल, तर आदल्या रात्री मटण खाऊ नये, कारण शिजलेल्या मांसामुळे रक्तातील क्रिएटिनिन तात्पुरते वाढते. तपासणीपूर्वी किमान १२ तास ते वर्ज्य ठेवावे.