क्रिमिनॉलॉजी शिकायचंय? आधी आठवडाभर कोर्टात बसून या

दरवर्षी रिझल्ट लागले की मला मेसेज येतात, ताई क्रिमिनॉलॉजी करायचंय, कुठून सुरू करू. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. मी एमए हेच केलंय आणि नंतर बरीच वर्षं कैद्यांच्या घरच्यांसोबत काम केलंय, तर जे सांगतेय ते वापरून बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी फॉरेन्सिक आणि क्रिमिनॉलॉजी यातला गोंधळ काढून टाका. फॉरेन्सिकवाले लॅबमध्ये रक्त, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर तपासतात, त्याला सायन्स लागतं. क्रिमिनॉलॉजीत माणूस गुन्ह्यापर्यंत कसा पोचतो, पोलीस-कोर्ट-कारागृह त्याचं पुढे काय करतात, आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या हातात शेवटी काय पडतं, हे शिकायचं असतं. एमएला बहुतेक ठिकाणी कुठलीही डिग्री चालते. तुम्हाला मायक्रोस्कोप आवडत असेल तर पहिला रस्ता धरा, माणसांशी बोलायला आवडत असेल तर पुढे वाचा.

कुठे शिकायचं? मुंबईत टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल वर्कमधलं क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसचं एमए आहे, तिथली प्रवेश परीक्षा आता सीयूईटी-पीजी या देशभरातल्या सामायिक परीक्षेतून होते. मला विचाराल तर त्याची खरी ताकद फील्डवर्कमध्ये आहे, कारण टिसचाच 'प्रयास' नावाचा प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतोय आणि पोलीस यंत्रणेतच बसून बायकांना आधार देणारा विशेष कक्षही टिसनेच 1984 मध्ये मुंबईत सुरू केला. बाहेर जायची तयारी असेल तर मध्य प्रदेशात सागर विद्यापीठाचा विभाग 1959 पासूनचा आहे, चेन्नईला मद्रास विद्यापीठ आहे, दिल्लीला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचा कॅम्पस आहे, आणि कोल्हापूर-सांगली-बेळगावकडच्या पोरांना धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जवळ पडतं. फी आणि प्रवेशाचे नियम बदलत राहतात, ते थेट विद्यापीठाच्या साइटवरच बघा, कुणाच्या तोंडी माहितीवर फॉर्म भरू नका.

आता मुद्द्याचं. अॅडमिशनच्या आधी आठवडाभर तुमच्या तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मोबाईल सायलेंट ठेवा, रेकॉर्डिंग अजिबात करू नका, बस. ज्या कोर्टात रिमांडची, म्हणजे अटक केलेल्याला कोठडीत ठेवायचं का हे ठरवायची, कामं चालतात तिथे बसलात तर सगळ्यात जास्त कळेल. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, हे दोन शब्द पहिल्या तासातच कानावर पडतील.

मी अशीच बसले होते तेव्हा एक पोरगा होता, विशीचा असेल, लोकलमध्ये मोबाईल चोरल्याची केस. जामीन मंजूर झाला होता, 15 हजाराचा जामीनदार द्यायचा होता. कपडे तेच, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्याला विचारलं जामीनदार आहे का, तर तो म्हणाला, "गावाला आई हाय, तिच्याकडं कागद न्हाईत." म्हणजे कोर्टाने सोड म्हटलं तरी पोरगा आत, कारण कागद नाहीत. आपल्याकडे 2022 अखेर कारागृहातल्या दर 100 माणसांपैकी जवळपास 76 कच्चे कैदी होते, म्हणजे खटला संपायचाच होता. हा आकडा मी वर्गात पाठ केला असता तर परीक्षेनंतर विसरले असते, पण त्या चपला बघितल्यावर तो डोक्यातून जात नाही.

घरी येऊन मग बीएनएसएसचं, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 479 काढून वाचा. ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही त्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर कोर्टाने त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं आहे, बाकीच्यांसाठी निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि ज्याच्यावर एकापेक्षा जास्त केसेस चालू आहेत तोही यातून सुटतो. सुटतो म्हणजे त्याला फायदा मिळत नाही बरं का, नीट वाचा! साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याचा हिशोब 1 वर्षाचा. कायदा असा माणूस समोर ठेवून वाचला की पाठ करावा लागत नाही.

कायद्याचं म्हणाल तर सध्या शिकणाऱ्यांना डबल काम आहे. 1 जुलै 2024 पासून आयपीसी, सीआरपीसी आणि पुराव्याचा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले, पण त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्या आयपीसीखालीच चालतात, म्हणजे अजून बरीच वर्षं दोन्ही लागणार. एक वही करा, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. 302 (खून) चं 103, 307 (खुनाचा प्रयत्न) चं 109, 379 (चोरी) चं 303, 420 (फसवणूक) चं 318, 498-अ (सासरचा छळ) चं 85. रोज पाच लिहा, महिन्यात हात बसतो.

थिअरीला घाबरू नका, पण नुसती नावं घोकूही नका. प्रत्येक थिअरीला आपल्याकडचं एक उदाहरण जोडा. लेबलिंग घ्या. हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये मांडलं की समाज एखाद्यावर शिक्का मारतो आणि मग तो माणूस त्या शिक्क्यातच अडकतो. आपल्याकडे इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणात ठेवलं, सोलापुरात आजही लोक त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. कायदा 1952 ला रद्द झाला तरी गावात चोरी झाली की आधी पारधी वस्तीवर गाडी जाते. हे उत्तरात लिहा, आणि शक्य असेल तर कुणा पारधी बाईशी बोलून मग लिहा. तसंच रुटीन अॅक्टिव्हिटी, 1979 ची, कोहेन आणि फेल्सनची: चोरी करायची इच्छा असलेला माणूस, सोपं सावज आणि राखणदार नसणं, तिन्ही एकत्र आले की गुन्हा. संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याला लोकलच्या दारात उभं राहा, पूर्ण थिअरी समोर दिसते.

आकड्यांबद्दल एक गोष्ट कुणीतरी मला आधी सांगायला हवी होती. एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, रिपोर्ट फुकट मिळतात, जरूर वाचा, पण त्यात दाखल झालेलेच गुन्हे असतात. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर मोजताना सगळ्यात गंभीर तेवढाच धरतात, म्हणजे बलात्कार करून खून झाला तर तो खुनात जातो. आणि एखाद्या राज्याचा आकडा वाढला म्हणजे तिथे गुन्हे वाढले असंच नसतं, तक्रार घ्यायला लागले असंही असू शकतं. पोलीस ठाण्यात गेलेली बाई नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन परत आली तर दखलपात्र गुन्ह्यांच्या टेबलात ती कुठेच नाही.

मराठी मीडियमवाल्यांना खास सांगते. वर्गात पहिले सहा महिने इंग्रजीने दम निघतो, माझाही निघाला, पण फील्डवर गेलात की बाजी पलटते. फिर्याद, पंचनामा, स्टेशन डायरी, रोजनामा, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), हे सगळं महाराष्ट्रात मराठीत चालतं आणि कैद्याची आई तर मराठीतच रडते. तुम्हाला पंचनामा सहज वाचता येतो, इंग्रजी शाळेतल्या पोरांना त्यासाठी तुमची मदत मागावी लागते. लाजू नका.

शेवटचं, प्रबंधाचं. कारागृहात जाऊन काही करायचं असेल तर परवानगीचं पत्र पहिल्याच सेमिस्टरला द्या, गाईडच्या सहीने, प्रश्नावली जोडून. मी ते तिसऱ्या सेमिस्टरला दिलं आणि वेळच उरला नाही. मग विषय बदलला, कारागृहाच्या गेटबाहेर मुलाखतीसाठी, म्हणजे आतल्या कैद्याला भेटायला, थांबलेल्या नातेवाईकांवर काम केलं. रस्त्यावर बोलायला गेटची परवानगी लागत नाही, त्या माणसाची मात्र प्रत्येक वेळी घ्यायची, नाव बदलून लिहायचं, आणि हातात वही असली तरी आधी दहा मिनिटं नुसतं शेजारी बसायचं. सकाळी सातला या, बायका तेव्हापासून नंबर लावून असतात, पिशवीत धुतलेले कपडे आणि आधार कार्डाची झेरॉक्स.