बेफाम रेज मारणाऱ्यासमोर कोणते पत्ते खेळावे

होल्डेम पोकरमध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते) जवळपास प्रत्येक डावात रेज मारणारा, म्हणजे पैज वाढवणारा, टेबलावर असेल, तर त्याच्या लगेच डावीकडची जागा धरा. त्याची चाल बघून मग आपण ठरवायचं. एरवी बेताने खेळायचे एक्का-दहा, राजा-राणी इथे री-रेजच्या, म्हणजे त्याच्या रेजवर पुन्हा रेज करायच्या, लायकीचे होतात. आठ्ठ्यांची जोडी तर कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध साधारण 69 टक्के जिंकते. रेज तिप्पट करा, म्हणजे बाकीचे बाजूला होतात.

मोह होतो इस्पिकच्या सात-सहाचा. सोडा. दुऱ्यांची जोडीही सोडा: तिला फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिसरी दुरी साडेआठ वेळांत एकदाच लागते. आपल्याकडच्या 40 ब्लाइंडमधले (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीची सक्तीची पैज, चिप्स तिच्या पटीत मोजतात) 8 फ्लॉपआधीच गेले, तर उरलेल्या 32 मध्ये तो खर्च वसूल होत नाही.

मागून एखाद्या शांत खेळाडूने पुन्हा रेज केली, तर एक्का-दहा लगेच फेका.