बावीस मिनिटांचा अल्बम आणि बसलेला घसा

रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी दुपारी दीड वाजता माझा घसा बसला. गाणी अकरा, स्टुडिओ चार दिवसांसाठी घेतलेला, आणि माझ्या आवाजाची पाळी तिसऱ्या दिवशी. ड्रमरला चेव यावा म्हणून मी सकाळपासून प्रत्येक टेकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक खेपेला, शेजारच्या खोलीतून जीव तोडून ओरडत होतो. तेही गाइड ट्रॅकवर, म्हणजे वाजवणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून केलेल्या आणि नंतर पुसूनच टाकायच्या ट्रॅकवर. तेव्हा स्क्रीमोचा, म्हणजे किंचाळून गायच्या पंकचा, पहिला अल्बम करायला निघालेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच : गाइडला नुसतं बोला. कुठला शब्द कुठे पडतो एवढं ड्रमरला कळलं की पुरे.

आम्ही पुण्यातले चौघं. तेव्हा सगळ्यात मोठा २२ वर्षांचा होता. 'मेटल वाजवता का?' हा प्रश्न पाहुण्यांपासून साउंडवाल्यापर्यंत सगळे विचारतात. नाही. स्क्रीमो हे हार्डकोर पंकचं लेकरू. नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये हेरॉइन, अँटिऑक ॲरो असे बँड आणि ग्रॅव्हिटी रेकॉर्ड्स हे छोटं लेबल यांच्या भोवती ते वाढलं. मेटलमध्ये सगळं घट्ट बसलेलं लागतं. इथे गाणं आता कोसळतंय की काय असं वाटायला हवं, पण ते कोसळता कामा नये. ही गंमत स्टुडिओत जाऊन जमत नाही, तालमीतच जमते.

आमच्या तालमी कर्वेनगरातल्या एका तळघरात, तासाला ४०० रुपये. सहा महिने आम्ही प्रत्येक तालीम कोपऱ्यात मोबाइल ठेवून रेकॉर्ड केली. घरी ऐकल्यावर कळायचं की जिथे आम्हाला 'काय भारी वाजलं' वाटलं होतं, तिथे बास आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वेगवेगळ्या गावाला निघालेत. त्या मोबाइलने जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही.

क्लिकवरून, म्हणजे वेग धरायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या टिकटिकीवरून, आमची भांडणं झाली. आमच्या बहुतेक गाण्यांत मधे एक शांत तुकडा आहे, एकटी गिटार, आणि तिथे वेग आपसूक उतरतो. क्लिक लावला की तो तुकडा शाळेतल्या कवायतीसारखा वाटायचा. शेवटी तीनच गाणी क्लिकवर केली, बाकीची एकमेकांकडे बघत. याची किंमत आधीच समजून घ्या : क्लिक नसला की एका टेकचा तुकडा दुसऱ्यात सहजासहजी चिकटत नाही. पूर्ण गाणं एका दमात नीट वाजलंच पाहिजे. आम्हाला एका गाण्याला १४ टेक लागले.

महागड्या स्टुडिओचा हव्यास सोडा. राइट्स ऑफ स्प्रिंग या अमेरिकन बँडचा १९८५चा पहिला अल्बम डिस्कॉर्ड या लेबलने काढला आणि तो इनर इअर स्टुडिओत रेकॉर्ड झाला. तेव्हा इनर इअर म्हणजे डॉन झिएंतारा यांच्या आर्लिंग्टनच्या घराचं तळघर. आम्ही वाचवलेले पैसे ड्रमच्या नव्या स्किनवर घातले. त्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चढवल्या, म्हणजे ताण बसायला एक रात्र मिळाली. गिटारच्या तारांचंही तेच केलं. गिटार आणि बासचे ॲम्प मात्र वेगळ्या खोल्यांत ठेवा, नाहीतर ड्रमच्या माइकमध्ये सगळीकडे गिटारच सांडते.

लांबीबद्दल थोडं. आधी आमच्याकडे १४ गाणी होती, ३४ मिनिटं. ऑर्किड या स्क्रीमो बँडचा १९९९चा पहिला अल्बम अकरा गाण्यांचा आहे आणि वीस मिनिटांच्या आत संपतो. तो लागोपाठ दोनदा ऐकला आणि आमची तीन गाणी निमूटपणे काढली, उरलेल्यांतले 'अजून एकदा' वाजवायचे भागही छाटले. उरली २२ मिनिटं. ऐकणाऱ्याच्या कानालाही तेवढंच झेपतं आणि ओरडणाऱ्याच्या घशालाही.

आता घसा. मोठा आवाज काढणं हे माइकचं काम आहे, तुमचं नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. जेरोम्स ड्रीम या बँडचा गायक स्टेजवर माइकशिवाय ओरडायचा, हे वाचून मीही एका कार्यक्रमात तसं केलं आणि पुढचे चार दिवस खुणांनी बोललो. दुखलं की थांबा. खाकरू नका. आवाज बसला की कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो. गप्प राहा आणि पाणी पीत राहा. आजीने दिलेला ज्येष्ठमध मी चघळला, बरंही वाटलं, पण गिळलेलं काही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. ते अन्ननलिकेच्या वाटेने जातं. माझ्या बसलेल्या घशामुळे आवाजाचं काम तीन आठवडे पुढे गेलं. मग रोज दोनच तास, तीन गाणी, सगळ्यात अवघड गाणं शेवटी.

शब्दांचीही एक गोष्ट. आमची पहिली गाणी इंग्रजीत होती. मराठीत ओरडायला घेतलं तेव्हा कळलं की 'आ' आणि 'ओ'वर तोंड आपोआप उघडतं, 'ई'वर गळा आवळला जातो. (पोवाड्यातला 'जी जी' 'ई'वरच संपतो हे खरं, पण शाहीर गातो, मी किंचाळतो.) एक ओळ 'घर' या शब्दावर संपत होती. त्यातला 'र' गिटारच्या गोंगाटात बुडायचा, आणि आधीच्या 'घ'मध्ये ताणण्याजोगं काही नाही. 'घरात' केलं, तर 'रा' हवा तेवढा ताणता आला आणि 'त'वर सुरीने कापल्यासारखं थांबता आलं. तेव्हापासून मी ओळ लिहिली की आधी उशीत तोंड खुपसून ओरडून बघतो. आजी बाहेरून विचारते, 'कुणाशी भांडतोयस रे?'

मिक्समध्ये इंजिनिअरने सवयीने माझा आवाज सिनेमाच्या गाण्यासारखा सगळ्यांच्या पुढे आणून ठेवला होता. आम्ही तो गिटारच्या आत ढकलायला लावला. शब्द निम्मेच कळतात. चालतंय, ओळी आम्ही सोबत छापल्यात.

कागदपत्रांचं थोडक्यात : कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, हे अल्बम बाहेर पडायच्या आधी लिहून चौघांनी सही करा. प्रत्येक गाण्याला अक्षरं-अंक मिळून बारा चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक (त्या रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो, गाणी ॲपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून तो मिळतो.

आमचं चौथं गाणं २६ सेकंदांचं होतं. अपलोड करायच्या आदल्या रात्री बासवाल्याला आठवलं की ३० सेकंद ऐकल्याशिवाय स्पॉटिफाय ते ऐकणं मोजतच नाही. कुणी म्हणालं शेवटचा फीडबॅक (ॲम्पसमोर गिटार धरली की येणारी शिट्टी) वाढवा, कुणी म्हणालं मरू दे. इंजिनिअर जुन्या फाइल्स चाळत होता. त्यात पहिल्या दिवशीचा गाइड ट्रॅक अजून पुसलेला नव्हता. दुपारी दीडचा टेक : मी एक ओळ ओरडायला जातो, नुसती हवा बाहेर पडते, आणि मागून ड्रमर विचारतो, 'अरे, गेला का आवाज?' ते सहा सेकंद शेवटी जोडले. गाणं आता ३२ सेकंदांचं आहे.