चौकोन ओळखताना या चुका टाळा

आठवीत चौकोनाचे प्रकार येतात, नववीत त्यांचे गुणधर्म सिद्ध करायचे असतात, आणि दोन्हीकडे मार्क जातात ते बहुतेक एकाच सवयीने: आकृती कशी दिसते त्यावरून नाव ठोकून द्यायचं. आकृती मदतीला असते, पुराव्याला नाही. पुरावा म्हणजे दिलेल्या बाजू, कोन आणि कर्ण.

चौरस पुठ्ठा कोपऱ्यावर उभा धरून बघा. पत्त्यातल्या चौकटसारखा दिसतो, म्हणून बरीच मुलं लगेच 'समभुज चौकोन' म्हणतात. हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे. पुठ्ठा फिरवला तरी चारही कोन काटकोनच राहिले, त्यामुळे तो अजूनही चौरसच आहे. शंका आली की वही फिरवा.

'चौरस म्हणजे आयत नव्हे'

ही समजूत फार चिवट आहे. आयताची अट एकच: चारही कोन काटकोन. लांबी आणि रुंदी वेगळी हवी, असं व्याख्येत कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक चौरस आयत आहे आणि प्रत्येक चौरस समभुज चौकोनही आहे. उलट मात्र चालत नाही. इ.स.पू. 300 च्या सुमारास युक्लिडने आयताची व्याख्याच 'कोन काटकोन, पण बाजू समान नाहीत' अशी केली होती. त्याच्या हिशेबात चौरस वेगळा पडायचा. आजची पद्धत मला जास्त सोयीची वाटते, कारण आयताबद्दल एकदा सिद्ध केलेलं सगळं चौरसाला फुकटात लागू होतं.

समलंब चौकोनाला मात्र हा न्याय लावू नका. आपल्या पाठ्यपुस्तकात तिथे संमुख (समोरासमोरच्या) बाजूंची 'एकच' जोडी समांतर असते, त्यामुळे समांतरभुज चौकोन त्यात बसत नाही.

कर्णांची अर्धी अट

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 'कर्ण समान, म्हणून आयत.' 'कर्ण एकमेकांना लंब, म्हणून समभुज चौकोन.' दोन्ही विधानांत एक गोष्ट राहून गेली: कर्ण परस्परांना दुभागतात का?

हे पाठ करू नका, करून बघा. खराट्याच्या 20 सेंमीच्या दोन काड्या घ्या, दोन्ही मध्यावर टाचणीने जोडा आणि टोकं कागदावर ठेवून रेघांनी जोडा. काड्यांमधला कोन कितीही ठेवा, आयतच मिळतो. कोन काटकोन केला की चौरस. आता टाचणी काढून दोन्ही काड्यांच्या एका टोकापासून 6 सेंमीवर टोचा. कर्ण अजून समानच आहेत, पण आयत गेला. हाती आला समद्विभुज समलंब चौकोन, म्हणजे समांतर नसलेल्या दोन बाजू समान असलेला समलंब. इथे काड्या काटकोनात धरल्या, म्हणजे कर्ण समान आणि वर लंबही केले, तरी चौरस होत नाही. 'समान आणि लंब' एवढ्यावर चौरस लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

मग लांबी वेगळी असलेल्या दोन काड्या घ्या. दोन्ही मध्यावर जोडल्या तर समांतरभुज चौकोन, त्याच काटकोनात धरल्या तर समभुज चौकोन. काटकोन तसाच ठेवून फक्त एकीचाच मध्य टाचणीवर राहू दिला, तर पतंग, म्हणजे लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असलेला चौकोन.

सुतार दाराची चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का ते पाहायला दोन्ही कर्ण टेपने मोजतो आणि ते समान आले की निश्चिंत होतो. मग त्याचं कसं चालतं? कारण समोरासमोरच्या बाजू त्याने आधीच सारख्या मापाच्या कापलेल्या असतात. चौकोन समांतरभुज आहे हे आधीच ठरलेलं असतं, तेव्हाच समान कर्ण पुरतात.

बाजूंची जोडी एकच हवी

संमुख बाजूंची एक जोडी समांतर आणि *तीच* एकरूप असेल, तर समांतरभुज चौकोन. एक जोडी समांतर आणि *दुसरी* एकरूप असेल, तर तो समद्विभुज समलंबही असू शकतो. प्रश्न वाचताना दोन्ही खुणा एकाच जोडीवर आहेत ना, हे बोट ठेवून बघा.

नावं देताना

चौकोन अबकड काढताना वर अ, ब आणि खाली पुन्हा डावीकडून क, ड लिहिलं की सगळं बिघडतं. अक हा कर्ण असायला हवा, तो बाजू होऊन बसतो. अक्षरं कडेकडेने, एकाच दिशेने लिहा.

दहावीत निर्देशक भूमितीत हाच विषय परत येतो. (0, 0), (5, 0), (8, 4), (3, 4) हे बिंदू क्रमाने घ्या. अंतराच्या सूत्राने चारही बाजू 5 येतात आणि पेन घाईने 'चौरस' लिहून मोकळं होतं. थांबा, कर्ण काढा: एक √80, दुसरा √20. कर्ण असमान, म्हणजे हा चौरस नाही, नुसता समभुज चौकोन. चार बाजू समान दाखवल्यावर 'चौरस' लिहायचं असेल, तर कर्ण समान असल्याची किंवा एक कोन काटकोन असल्याची ओळ उत्तरात हवीच.