हळदीच्या पट्टीपासून मशिन कोडपर्यंत: झटपट कोड जनरेटर बांधणे, चालवणे, तपासणे

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचं उदाहरण घेऊ. वजन, दर, तोलाई, हमाली, पोत्याची वजावट यांवरून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याला मिळणाऱ्या रकमेचा हिशेब, निघते. हे सूत्र वापरणाऱ्याने स्वतः लिहायचं आणि प्रोग्राम चालू असतानाच ते मशिन कोडमध्ये उतरवायचं, असं काम समोर आहे. सूत्र हिशेबाच्या काही हजार ओळींवर चालणार आणि पुन्हा बदलणार. इथे कोड किती वेगाने चालतो यापेक्षा तो किती वेगाने तयार होतो हे आधी पाहावं लागतं.

समजा, इंटरप्रिटरला (सूत्र मशिन कोडमध्ये न बदलता पायरीपायरीने चालवणाऱ्या प्रोग्रामला) एका ओळीला १५० नॅनोसेकंद लागतात, मशिन कोडला १० आणि कंपाइल व्हायला, म्हणजे मशिन कोड तयार व्हायला, २०० मायक्रोसेकंद. प्रत्येक ओळीमागे १४० नॅनोसेकंद वाचतात, म्हणजे सुमारे १,४३० ओळींनंतर कंपाइल केल्याचं सार्थक होतं. कंपाइलला २० मिलिसेकंद लागले तर हाच आकडा १ लाख ४३ हजारांवर जातो, आणि एवढे नग एका दिवसाच्या सौद्यात येणारच नाहीत. स्वतःच्या कामाचे हे तीन आकडे मोजल्याशिवाय कोड जनरेटर लिहायला बसू नका.

पुढचं सगळं लिनक्स आणि एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४ बिटचे प्रोसेसर) धरून आहे. सी किंवा सी++ येत असेल तर वर्गातल्या ४ जीबीच्या लॅपटॉपवरही हे होतं. एलएलव्हीएम हे कोड तयार करणारं मोठं तयार सॉफ्टवेअर स्रोतापासून बांधण्याची गरज नाही. त्या लॅपटॉपवर ते लिंक होतानाच मेमरी संपते.

आधी इंटरप्रिटर

पहिल्या दिवशी लिहायचा तो इंटरप्रिटर. तोच पुढे तपासणीचा मापदंड होणार आहे, म्हणून तो हळू असला तरी चालेल, पण निःसंदिग्ध हवा. सीमध्ये लिहिताना तीन ठिकाणी घसरायला होतं. चिन्हासहित पूर्णांकांची बेरीज ओसंडली तर सी भाषा कोणतीही हमी देत नाही, म्हणून बेरीज-वजाबाकी-गुणाकार चिन्हरहित ६४ बिटमध्ये करून परत बदला. शिफ्टचा आकडा ६४ किंवा जास्त असेल तर सी हात वर करतं, प्रोसेसर मात्र खालचे ६ बिटच पाहतो. इंटरप्रिटरनेही तसंच करावं. तिसरा भागाकार: शून्याने भागणे, आणि सर्वांत लहान ऋण संख्येला उणे १ ने भागणे. दोन्हीला काय उत्तर द्यायचं ते आधीच ठरवून लिहून ठेवा.

आयआर कशी मांडावी

आयआर म्हणजे सूत्र आणि मशिन कोड यांच्या मधलं रूप. वेग मुख्यतः इथेच ठरतो. प्रत्येक सूचनेसाठी वेगळी मेमरी मागायची आणि पॉइंटरने साखळी जोडायची, ही पाठ्यपुस्तकातली रचना सोडून द्या. एक लांब अ‍ॅरे, त्यात १६ बाइटची सूचना: कामाचा प्रकार, बिटरुंदी, आणि दोन ऑपरँड (ज्यांवर काम करायचं ती मूल्यं) ३२ बिटच्या क्रमांकांनी. मूल्याचा क्रमांक म्हणजेच सूचनेचा क्रमांक. मग मूल्याबद्दलची बाकी माहिती त्याच क्रमांकाच्या बाजूच्या अ‍ॅरेत राहते, हॅश टेबल लागत नाही. मेमरी एकदाच मोठी घ्या आणि फंक्शन संपलं की सुरुवातीचा निर्देशक मागे आणा.

आयआर एसएसए रूपात ठेवा, म्हणजे प्रत्येक मूल्य एकदाच लिहिलं जाईल. त्याचा फायदा रजिस्टर वाटपात, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या जागा मूल्यांना देताना, दिसतो: एखादं मूल्य एकदा स्टॅकवर गेलं की ते पुन्हा तिथे लिहावं लागत नाही.

दोनच फेऱ्या

पहिली फेरी विश्लेषणाची. ब्लॉक (मध्ये जंप नसलेले सूचनांचे सलग तुकडे) अशा क्रमाने लावा की लूपचे सगळे ब्लॉक सलग येतील, आणि प्रत्येक मूल्य किती वेळा वापरलं जातं व शेवटी कोणत्या ब्लॉकमध्ये, एवढं नोंदवा. दुसऱ्या फेरीत थेट बाइट लिहायचे. मधली मशिन आयआर नाही, वेगळी रजिस्टर वाटपाची फेरी नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातून आलेली टीपीडीई ही चौकट याच मार्गाने जाते. दुसरा मार्ग २०२१ मध्ये मांडलेला कॉपी-अँड-पॅच: आधीच कंपाइल केलेले तुकडे उचलून मोकळ्या जागा भरायच्या. सीपायथन (पायथनची मूळ अंमलबजावणी) ३.१३ मधला प्रायोगिक जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मशिन कोड तयार करणारा भाग, त्यावर उभा आहे. या मार्गाने जनरेटर लवकर तयार होतो, पण आतलं काही दिसत नाही. शिकायचं असेल तर बाइट स्वतः लिहिलेले बरे.

वापर मोजून रजिस्टर मोकळं करताना एक चूक हमखास होते. लूपच्या बाहेर तयार झालेलं मूल्य लूपच्या आत एकदाच वापरलं, मोजणी शून्यावर आली आणि रजिस्टर दुसऱ्याला दिलं. लूपचा पहिला फेरा बरोबर, दुसऱ्या फेऱ्यात कचरा. उपाय विश्लेषणातच आहे: मूल्य बाहेरचं आणि वापर आतला असेल तर त्याचं आयुष्य लूपच्या शेवटच्या ब्लॉकपर्यंत वाढवा.

रजिस्टर

एकूण १६ रजिस्टरांतून स्टॅकसाठी लागणारे आरएसपी आणि आरबीपी सोडून १४ उरतात. त्यांतले आरएएक्स आणि आरडीएक्स भागाकाराला लागतात, आरसीएक्स शिफ्टला. सुरुवातीला हे तीन तात्पुरत्या कामासाठी राखून ठेवा; ११ पुरतात. आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ वापरले तर फंक्शन सोडताना मूळ किंमतीसह परत करायचे. बाहेरच्या फंक्शनला हाक मारताना उरलेल्यांत काही जिवंत असेल तर आधी स्टॅकवर टाका.

कोणतं मूल्य सध्या कुठे आहे याची नोंद कोड लिहिताना बदलत जाते, आणि इथे एक अवघड चूक दडलेली असते. 'जर'च्या एका फांदीत रजिस्टर कमी पडलं म्हणून मूल्य स्टॅकवर टाकलं आणि नोंदीत 'स्टॅकवर आहे' असं लिहिलं. प्रोग्राम दुसऱ्या फांदीने आला तर ते लिहिणं घडलेलंच नसतं, नोंद मात्र तीच राहते. सोपा नियम पाळा: ब्लॉक संपण्यापूर्वी, पुढे लागणारी सगळी मूल्यं स्टॅकवर गेलेली असावीत. ज्या ब्लॉकला येण्याची वाट एकच आहे, तिथे रजिस्टरांची स्थिती तशीच पुढे न्या. अनेक वाटा असतील तर सगळं स्टॅकवर आहे असं धरून सुरुवात करा. तुलना झाल्यावर आणि जंपच्या आधी स्टॅकवर लिहिलं तर काही बिघडत नाही, कारण मूव्ह ही सूचना फ्लॅगना (तुलनेचा निकाल ठेवणाऱ्या बिटना) हात लावत नाही. पण त्याच जागी रजिस्टर शून्य करायला एक्सऑर वापरलात तर फ्लॅग पुसले जातात आणि जंप चुकते. तिथे ५ बाइटचा मूव्हच वापरा.

फाय नोड म्हणजे कोणत्या वाटेने आलो त्यावरून मूल्य निवडणारी एसएसएतली सूचना; तिच्या नकला एकाच वेळी झाल्यासारख्या व्हायला हव्यात. लूपमध्ये दोन मूल्यांची अदलाबदल असेल तर एकामागून एक नकला केल्यावर दोन्हीकडे एकच किंमत राहते. ज्या जागेवरून अजून कोणी वाचणार नाही ती आधी भरा. फक्त चक्रं उरली की एक किंमत आरएएक्समध्ये ठेवून चक्र तोडा.

बाइट लिहिताना

फंक्शनला स्टॅकवर किती जागा लागेल हे शेवटीच कळतं. म्हणून सुरुवातीच्या वजाबाकीत ३२ बिटची जागा शून्य ठेवून सोडा आणि शेवटी भरा. पाच रजिस्टर जपण्याच्या पुश सूचनांना मिळून ९ बाइट लागतात. तेही राखून ठेवा आणि न लागलेल्या जागी नॉप (काहीच न करणारी सूचना) टाका. आरबीपीखालचे पहिले ४० बाइट या पाचांचेच समजा, नाहीतर तुमची मूल्यं त्यांच्यावर लिहिली जातील.

हाक मारण्याच्या क्षणी आरएसपीला १६ ने भाग जायला हवा. हे चुकलं तर तुमच्या कोडमध्ये काहीच बिघडलेलं दिसत नाही. प्रिंटएफसारख्या बाहेरच्या फंक्शनच्या पोटात मूव्हॅप्स या १६ ने भाग जाणारा पत्ता मागणाऱ्या सूचनेवर प्रोग्राम पडतो. तिथे पडला की प्रथम स्टॅक तपासा.

पुढे जाणाऱ्या जंपसाठी ई९ (जंप सूचनेचा बाइट) आणि चार शून्य बाइट लिहून जागेची नोंद करा. लक्ष्य कळल्यावर भरायचं अंतर म्हणजे लक्ष्याचा पत्ता वजा त्या चार बाइटच्या पुढचा पत्ता. चारचा फरक राहिला तर जंप सूचनेच्या मधोमध पोचते आणि भलताच कोड चालतो.

पत्ता लिहिण्यात दोन जोड्या लक्षात ठेवा. पाया, म्हणजे ज्या रजिस्टरपासून अंतर मोजतो ते, आरएसपी किंवा आर१२ असेल तर एसआयबी हा पत्त्याचा जादा बाइट लागतोच. पाया आरबीपी किंवा आर१३ असेल तर अंतर शून्य असूनही एक बाइटचं अंतर लिहावं लागतं. आर१२ आणि आर१३ चे अपवाद विसरले जातात, कारण त्यांचे खालचे तीन बिट आरएसपी आणि आरबीपीसारखेच असतात हे नावावरून कळत नाही.

आता पट्टीचं सूत्र. वजन ग्रॅममध्ये आणि दर क्विंटलमागे पैशांत घ्या, म्हणजे अपूर्णांक येत नाहीत. ५५ किलोचं पोतं, दर १५,००० रुपये धरला तर ५५,००० गुणिले १५,००,०००, भागिले १,००,०००. उत्तर ८,२५,००० पैसे, म्हणजे ८,२५० रुपये. गुणाकार मात्र ८,२५० कोटींचा आहे आणि ३२ बिटमध्ये मावत नाही. सूचना ६४ बिटची करणारा रेक्स उपसर्ग (सूचनेआधीचा बाइट) विसरलात तर पट्टी ८९ रुपये ५६ पैशांची निघते, आणि प्रोग्राम पडतही नाही. भागाकारापूर्वी सीक्यूओ ही सूचना लिहून आरडीएक्स आरएएक्सच्या चिन्हाने भरायला विसरू नका, आणि भाजक आरएएक्स किंवा आरडीएक्समध्ये राहू देऊ नका. भाजक शून्य किंवा उणे १ आहे का ते आधी पाहून वेगळी वाट काढा; नाहीतर प्रोसेसर अपवाद देतो आणि लिनक्स प्रोग्राम थांबवतो.

चालवणे

एममॅप या लिनक्सच्या हाकेने मेमरीची पानं घ्या, लिहिण्याची परवानगी ठेवून कोड भरा, मग एमप्रोटेक्टने ती काढून चालवण्याची द्या. दोन्ही परवानग्या एकत्र ठेवू नका. एमप्रोटेक्टची हाक महाग असते, म्हणून प्रत्येक सूत्राला एकदा न करता शंभर सूत्रं एका तुकड्यात भरा. बफरच्या शेवटी कोणतीच परवानगी नसलेलं एक पान ठेवा. मर्यादेबाहेर लिहिलं तर तिथल्या तिथे सापडेल. रास्पबेरी पायसारख्या एआरएमवर जायचं ठरलं तर कोड लिहिल्यानंतर सूचनांचं कॅश साफ करणं सक्तीचं आहे. एक्स८६ वर लागत नाही, म्हणून ते राहून जातं.

तपासणी

बाइट लिहिणाऱ्या फंक्शनांसाठी: सगळे १६ पाया रजिस्टर, आणि अंतरं ०, १, १२७, १२८, −१२८, −१२९. हा सगळा गठ्ठा फाइलमध्ये लिहून ऑब्जडम्प या बाइटवरून सूचना दाखवणाऱ्या साधनाने उलगडा आणि अपेक्षित मजकुराशी जुळवा. हे काम तासाभराचं आहे आणि पुढचे कित्येक दिवस वाचवतं.

खरी कसोटी यादृच्छिक फंक्शनांची. बी-क्रमांकावरून (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यावरून) आयआर तयार करा, इंटरप्रिटर आणि मशिन कोड दोन्हीकडून चालवा, उत्तरं जुळवा. बी-क्रमांक छापलाच पाहिजे, नाहीतर सापडलेली चूक पुन्हा दिसणार नाही. याच धर्तीवर सी कंपाइलरांसाठी यादृच्छिक प्रोग्राम बनवणाऱ्या सीस्मिथने ३२५ हून जास्त चुका उघड केल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. मुरलेल्या कंपाइलरांची ही गत, तर नव्याची काय असेल. किमती नुसत्या यादृच्छिक घेऊ नका. ०, १, −१, दोन्ही टोकं, आणि २ चा ३१ वा घात व त्याच्या आजूबाजूचे आकडे मुद्दाम घाला. ३२ बिटचा स्थिरांक ६४ बिटच्या बेरजेत चिन्हासह वाढतो, ती चूक फक्त या सीमेवर दिसते.

रजिस्टरांची संख्या सेटिंगने ३ वर आणता यायला हवी. ११ रजिस्टर असताना छोट्या फंक्शनमध्ये स्टॅकवर टाकण्याची वेळच येत नाही, आणि तोच कोड न तपासलेला राहतो. शिवाय हाक मारण्याआधी आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ मध्ये ठराविक आकडे भरून परतल्यावर ते तपासणारा असेंब्लीचा छोटा तुकडा लिहा.

न जुळणारं फंक्शन सापडलं की एकेक सूचना काढून, तिच्या जागी स्थिरांक ठेवून पुन्हा चालवा. चूक टिकली तर काढलेली सूचना नकोच. दोनशे सूचनांचं फंक्शन असं पाच-सहावर येतं. मग संशयित जागी सीसी हा थांबा देणारा बाइट घाला, जीडीबी हा डीबगर तिथे थांबेल, आणि पुढे एकेक सूचना चालवत रजिस्टर पाहा.

मोजणी

ऑप्टिमाइझ न केलेल्या बिल्डवर कंपाइलचा वेग मोजू नका. टास्कसेट कमांडने प्रोग्राम एका कोअरवर बांधा, चार्जर लावलेला ठेवा, किमान शंभर वेळा चालवून मध्यक घ्या. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी लॅपटॉप तापून वेग उतरवतो. तेव्हाचे आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळवू नका. तयार झालेल्या कोडमध्ये वेळ कुठे जातो हे पर्फ या मोजणीच्या साधनाला दिसावं म्हणून टेम्प फोल्डरात पर्फ, प्रोसेसचा क्रमांक आणि मॅप अशा नावाची फाइल ठेवा. तिच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीचा पत्ता, लांबी आणि नाव, पहिले दोन षोडशमान पद्धतीत. पट्टीच्या सूत्रात बहुतेक वेळ त्या एका भागाकारावर दिसेल, कारण जुन्या इंटेल चिपवर ६४ बिटचा भागाकार फार हळू आहे. भाजक स्थिर असल्याने तो उलट गुणाकार आणि शिफ्टने करता येतो; मात्र ती सुधारणा केल्यावर यादृच्छिक तपासणी ऋण भाज्यांसह पुन्हा पूर्ण चालवा.