उणे तीसमध्ये विजेवरची पिकअप: घ्यावी की नाही हे कसं ठरवावं, आणि घेतली तर कशी सांभाळावी

"ताई, तुमच्याकडे आहे म्हणून विचारतो. घेऊ का मी?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सस्काटूनला गेलो होतो, तेव्हा मंडळातल्या एका तरुणाने गुळपोळी खाता खाता विचारलं. बाहेर उणे ३२ होतं. त्याला शहरापासून ९० किलोमीटरवरच्या गावात नोकरी लागली होती आणि एक वापरलेली इलेक्ट्रिक पिकअप त्याच्या मनात भरली होती. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात आम्ही खेड्यात राहतो. नवरा खत-बियाण्यांच्या कामानिमित्त शेतोशेत हिंडतो, मी ४८ किलोमीटरवरच्या दवाखान्यात जाते, आणि आमची विजेवरची पिकअप हा आमचा दुसरा हिवाळा काढते आहे. त्या मुलाला जे सांगितलं ते इथे नीट क्रमाने लिहिते.

१. आधी वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसाचा हिशेब मांडा

गाडीच्या जाहिरातीतला रेंजचा (एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी किती लांब जाते त्याचा) आकडा हा बऱ्या हवामानाचा असतो. आपल्याला गरज असते ती जानेवारीतल्या त्या एका दिवसाची, जेव्हा समोरून वायव्येचा वारा असतो, रस्त्यावर बर्फ असतं आणि घरी पोहोचणं भागच असतं. म्हणून शोरूमला जाण्याआधी दोन आठवडे वही ठेवा. रोज किती किलोमीटर झाले, मध्ये किती वेळा गाडी थांबून गार पडली, ट्रेलर जोडला होता का, हे लिहा. सरासरी काढू नका. सर्वांत लांबच्या दिवसाभोवती गोल काढा.

मग रेंजचा हिशेब. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटांची आहे (हे आपल्या घरच्या वीजबिलातलंच युनिट), आणि तिची जाहीर रेंज ५१५ किलोमीटर. म्हणजे शंभर किलोमीटरला साधारण २५ युनिटं. कडाक्याच्या थंडीत हायवेच्या वेगाने हाच खर्च आमच्याकडे ४५ ते ५० युनिटांवर जातो. माझा नियम सोपा आहे: जाहीर रेंज निम्मी करा, त्यातून आणखी १५ टक्के बाजूला ठेवा. ५१५ चे झाले २५७, आणि हाताशी उरले सुमारे २२०. तुमचा सर्वांत वाईट दिवस या आकड्यात बसला तर पुढचं वाचा.

मी फार कंजूष हिशेब करते असं वाटेल. कॅनेडियन ऑटोमोबाइल असोसिएशनने फेब्रुवारी २०२५ मध्ये ओटावा ते माँ-ट्राँब्लाँ या रस्त्यावर अनेक इलेक्ट्रिक गाड्या चालवून पाहिल्या. तापमान होतं उणे ७ ते उणे १५. रेंज १४ ते ३९ टक्क्यांनी घटली. त्यात शेव्हर्ले सिल्व्हराडो ईव्हीची घट १४ टक्के होती, लाइटनिंगची ३५. दोन्ही पिकअपच, पण फरक केवढा! आणि उणे १५ म्हणजे आमच्याकडे जानेवारीतला सुखाचा दिवस.

त्या हळदीकुंकवाच्या दिवशीचंच सांगते. जाऊन-येऊन २२४ किलोमीटर. घरून शंभर टक्के भरून निघालो, हॉलच्या आवारात गाडी साध्या प्लगला लावून ठेवली, आणि रात्री अंगणात शिरलो तेव्हा काट्यावर १३ टक्के उरले होते. पोहोचलो, पण शेवटचे वीस किलोमीटर मी ८० च्या वर गेले नाही.

२. ट्रेलर ओढत असाल तर इथेच थांबून विचार करा

ट्रेलरने वाऱ्याला आडवी भिंत उभी राहते. मोठा, उंच ट्रेलर जोडला की उन्हाळ्यातसुद्धा रेंज निम्म्यावर येते. थंडीत त्या निम्म्यातूनही बराच भाग जातो. लाइटनिंगची ओढण्याची ताकद ४,५०० किलोच्या आसपास आहे, रिव्हियन आर१टीची ५,००० किलोच्या आसपास, आणि या गाड्या ते वजन खरंच सहज ओढतात. प्रश्न ताकदीचा नाही, किती लांब ओढणार याचा आहे. हिवाळ्यात दर आठवड्याला दोनशे किलोमीटरवरच्या बाजारात गुरं न्यायची असतील, तर माझं स्पष्ट मत आहे: डिझेलची गाडी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. याउलट शेतातल्या शेतात, गावापर्यंत, धान्याच्या कोठ्यांपर्यंत ओढायचं असेल तर विजेची पिकअप त्या कामाला फार गोड आहे.

३. थंडी नेमकं काय करते हे एकदा समजून घ्या

हे कळलं की पुढच्या सगळ्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

पेट्रोल-डिझेलचं इंजिन इंधनातली निम्म्याहून जास्त शक्ती उष्णता म्हणून वाया घालवतं. हिवाळ्यात तीच वाया जाणारी उष्णता आपल्याला केबिनमध्ये फुकट मिळते. विजेच्या गाडीत वाया जाणारं फारसं काही नाही, म्हणून उबेचा प्रत्येक कण बॅटरीतून विकत घ्यावा लागतो. शिवाय उणे ३० ची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्के दाट असते. गाडी अक्षरशः जाड हवा कापत जाते.

बॅटरीच्या आतलं द्रव थंडीत आळसावतं, लिथियमचे कण सावकाश सरकतात. गोठलेल्या बॅटरीत जोराने वीज घातली, तर लिथियम आत मुरण्याऐवजी धातूचा थर होऊन वरच बसतो आणि ते नुकसान कायमचं असतं. म्हणून गाडी आधी बॅटरी ऊबदार करते आणि मगच चार्ज घेते. ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही याच कारणाने सकाळी मिळत नाही. गाडी बिघडलेली नसते, स्वतःला जपत असते.

यातून एक गोष्ट निघते जी नवख्यांना पटत नाही: हिवाळ्यात लांबच्या एका फेरीपेक्षा जवळच्या पाच फेऱ्या महाग पडतात. प्रत्येक वेळी गार पडलेली केबिन आणि बॅटरी पुन्हा तापवावी लागते. जमेल तेवढी कामं एका फेरीत उरका.

४. घरच्या प्लगची सोय गाडीआधी करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

इथल्या घरांतला साधा १२० व्होल्टचा प्लग १२ अँपिअर देतो, म्हणजे तासाला जेमतेम १.४ युनिटं. कडाक्याच्या रात्री ती सगळी बॅटरी गरम ठेवण्यातच जातात. सकाळी पाहावं तर काटा जागच्या जागी. त्यामुळे २४० व्होल्टची जोडणी हवीच. ५० अँपिअरच्या सर्किटवर ४० अँपिअर सतत घेता येतात (सतत चालणाऱ्या लोडला ब्रेकरच्या ८० टक्केच वापरायचे असतात), म्हणजे तासाला ९.६ युनिटं. रात्रीच्या आठ-नऊ तासांत दुसऱ्या दिवसाचं भागतं.

शेतावरच्या शेडमध्ये वेल्डिंगसाठी असा प्लग बहुतेक असतोच आणि "हा आहे की!" असा मोह होतो. वेल्डिंग पाच-दहा मिनिटं चालतं, चार्जिंग रात्रभर. जुन्या, सैल प्लगमध्ये ते तापतं आणि प्लास्टिक वितळतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, वायरची जाडी तपासून घ्या, चांगल्या प्रतीचा सॉकेट बसवा. एक्स्टेंशन वायर तर लावूच नका. घराला येणारी जोडणी १०० अँपिअरची असेल आणि त्यावर हीटर, पंप, धान्य वाळवायचं यंत्र असं सगळं असेल, तर लोड वाटून घेणारा चार्जर घ्या किंवा जोडणी वाढवून घ्या. आणि हे काम ऑक्टोबरच्या आत संपवा. जमीन एकदा गोठली की खांबापासून गॅरेजपर्यंत चर खणणं विसरा.

चार्जर उणे ४० पर्यंत चालणारा आहे हे लेबलवर वाचूनच घ्या. केबलकडेही बघा. स्वस्त केबल उणे ३० मध्ये उसासारखी ताठ होते. हातमोजे घालून ती वळवताना माणूस रडकुंडीला येतो आणि कधीतरी तिचं आवरण तडकतं.

५. रोजची सवय: आली की लावली

खरं तर इथल्या लोकांना ही सवय नवी नाही. प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या सपाट माळरानाच्या प्रदेशातल्या, बहुतेक गाड्यांच्या नाकातून एक प्लग लोंबत असतो, इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरचा. पारा खाली गेला की तो रात्री लावायचा, हे इथे पोरंसोरंही जाणतात. हॉलच्या, दवाखान्याच्या आवारातले साधे प्लग त्याचसाठी असतात. हळदीकुंकवाला मी तोच वापरला. त्याने रेंज वाढली नाही, पण चार तासांत बॅटरी आणखी गार पडली नाही, आणि तेवढंही पुरेसं होतं.

घरी बॅटरी भरलेली असली तरी गाडी प्लगला ठेवा. सकाळी निघायची वेळ गाडीत नोंदवून ठेवा, म्हणजे केबिन आणि बॅटरी तापवायला घरची वीज वापरली जाते. आमची वेळ ६.४० ची. मी दार उघडते तेव्हा काचा कोरड्या असतात आणि काटा पूर्ण. रस्त्यात केबिन फार तापवू नका. सीट आणि स्टिअरिंगची ऊब फार कमी वीज घेते आणि अंगाला लवकर लागते. वेग ११० वरून ९५ वर आणला तर वाचणारी वीज हीटर बंद करून वाचणाऱ्या विजेइतकीच मोलाची असते, आणि अंगात हुडहुडीही भरत नाही.

रोज रात्री चार्जिंगच्या झाकणाभोवतीचं हिम हाताने झटका. ओलं राहिलं की ते गोठून चिकटतं. सुरीने खरवडू नका, कोमट हाताने दाबून सोडवा. चाकांमागे साचलेले बर्फाचे गोळेही पाडून टाका.

६. लांब जायचं असेल तेव्हा

फास्ट चार्जरचा पत्ता गाडीच्या नकाशात टाकूनच निघा. मग गाडी वाटेतच बॅटरी गरम करायला घेते आणि पोहोचल्यावर चार्ज लगेच जोर धरतो. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत कडाका पडला तेव्हा चार्जरांपाशी गाड्यांच्या रांगा लागल्या. काही चार्जर बंद होते, आणि गार बॅटरीने आलेल्या गाड्या ताटकळत राहिल्या. पहिला चार्जर बंद निघाला तर दुसऱ्यापर्यंत पोहोचता येईल एवढी वीज शिल्लक असतानाच थांबा. ट्रान्स-कॅनडा हायवेवर २०१९ पासून चार्जरांची साखळी आहे, पण हायवे सोडून उत्तरेकडे वळलात की मोजकेच चार्जर लागतात.

टायर खऱ्या हिवाळ्याचे घ्या, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले. तीन टनांची गाडी चारही चाकांनी झकास निघते, पण बर्फावर थांबताना तेच वजन अंगावर येतं.

हिमवादळात अडकलात तर मात्र ही गाडी सोबत देते. नुसती केबिन ऊबदार ठेवायला तासाला दोन-तीन युनिटं पुरतात, म्हणजे अर्धी बॅटरी असेल तर रात्र निघते. बर्फाने सायलेन्सर बुजून विषारी वायू आत येण्याची भीतीच नाही. तरी गोधडी आणि फावडं मागे असू द्याच.

आमच्या शेजाऱ्यांकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई वितात. मागच्या वर्षी पहाटे तीनला वीज गेली आणि ओलं वासरू थरथरत होतं. आम्ही पिकअप गोठ्याशी नेली, हौद्यातल्या प्लगला वासरू शेकायची पेटी जोडली आणि दीड तासाने ते आपल्या पायांवर उभं राहिलं. लाइटनिंगच्या काही गाड्यांतून अशी ९.६ किलोवॅटपर्यंत वीज काढता येते. घराला द्यायची असेल तर रीतसर बदली-स्विच (घर बाहेरच्या तारांपासून तोडून गाडीच्या विजेवर घेणारा) बसवून घ्या. दोन्हीकडे पिन असलेली वायर भिंतीत खुपसू नका, तारेवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल.

७. वापरलेली घेताना

हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढून कमी विजेत गाडी तापवणारं यंत्र) आहे का ते विचारा. लाइटनिंगमध्ये तो २०२४ च्या गाड्यांपासून आला. थोड्या थंडीत त्याने बरीच बचत होते, उणे २० च्या खाली कमी. बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल मागा. फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण विजेवरच्या लाइटनिंगचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे विजेच्या गाड्यांचा तंत्रज्ञ तुमच्यापासून किती लांब आहे हे आधी पाहा. सस्कॅचवानमध्ये २०२१ पासून विजेच्या गाडीला वर्षाला १५० डॉलर रस्ते-शुल्क होतं, २०२५ मध्ये ते दुप्पट झालं. तेही हिशेबात धरा.

त्या तरुणाने वही ठेवली. त्याचा सर्वांत वाईट दिवस १९० किलोमीटरचा निघाला, म्हणजे बसत होता. पण त्याच्या भाड्याच्या घरी साध्या प्लगशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, गाडी सोड, आधी घरमालकाशी बोल. घरमालक तयार झालाय, बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की चर खणणार आहेत. तोवर तो त्याची जुनी पेट्रोल गाडी चालवतोय, रोज रात्री ब्लॉक हीटर लावून.